आगीत सापडलेली बंदूक पुन्हा वापरायची की बाद करायची?

कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक बऱ्याचदा माळ्यावर, नाहीतर माजघरातल्या कपाटात ठेवलेली असते. घराला आग लागली की माणसं, गुरं, कागदपत्रं बाहेर काढायची धावपळ होते. बंदुकीची आठवण येते ती दुसऱ्या दिवशी राख उपसताना. दस्ता जळून गेलेला असतो, नळी काळवंडलेली असते, पण लोखंड जागच्या जागी असतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "लोखंडाला काय होतंय? दस्ता नवा बसवू, घासून पुसून पॉलिश मारू, होईल पहिल्यासारखी."

बंदूक दुरुस्तीच्या कामात हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. लोखंडाला बरंच काही होतं, फक्त ते वरून दिसत नाही. चुलीत रात्रभर पडून राहिलेला कोयता सकाळी दिसायला कोयताच असतो, पण त्याचं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला कडकपणा, उतरलेलं असतं आणि पहिल्याच फांदीवर धार वळते. बंदुकीतले स्प्रिंग, घोडा, चाप, नळीला धरून ठेवणारं लॉक या सगळ्यांना कारखान्यात ठरावीक तापमानाला पाणी दिलेलं असतं. घराच्या आगीनं ते उतरलं का, किती उतरलं, हे शोधणं म्हणजेच जळालेल्या बंदुकीची तपासणी.

या कामात एक नियम मी कधीच मोडत नाही. बंदूक सुरक्षित आहे याचे पुरावे मिळाले पाहिजेत, एकाच नव्हे तर सगळ्या बाजूंनी. ते मिळत नसतील तर बंदूक बाद. ती खराब आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कुणावरही नाही.

आग चालू असताना आणि विझल्यावर लगेच

अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करतानाच घरात बंदूक आणि काडतुसं आहेत, कुठल्या खोलीत आहेत, भरलेली आहे की रिकामी, हे सांगा. अवैध वगैरे वाटेल म्हणून लोक लपवतात. परवाना असताना लपवण्यासारखं काहीच नाही, आणि आत शिरणाऱ्या जवानाला ते कळणं फार गरजेचं आहे.

काडतुसातली धूरविरहित दारू साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला आपोआप पेटते. डब्यात किंवा पट्ट्यात सुटं पडलेलं काडतूस पेटलं तर त्याचं कवच फाटतं, तुकडे थोड्या अंतरापर्यंत उडतात, डोळ्याला इजा होऊ शकते, पण छर्रे बंदुकीतून सुटल्यासारखे जात नाहीत. तेच काडतूस नळीत भरलेलं असेल तर मात्र बंदूक खरोखर सुटते, नळीचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला. म्हणून भरलेली बंदूक घरात ठेवू नये.

आग विझल्यावर बंदूक दिसली की तिला हात लावायचा नाही. ती भरलेली आहे असंच धरून चाला, घरातल्या जाणत्या माणसानं रिकामी असल्याचं शपथेवर सांगितलं तरी. नळीचं तोंड कुठे आहे ते पाहा आणि त्या बाजूला कुणालाही जाऊ देऊ नका. लहान मुलं आणि मदतीला आलेली तरणी पोरं यांना लांब ठेवा; उचलून "बघू तरी" म्हणणारा कुणीतरी हमखास असतो. बंदूक गरम असेल तर थंड करण्यासाठी तिच्यावर मुद्दाम पाणी ओतू नका. का ते पुढे येईल.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीबाबत जास्तच सावध राहायला हवं. काळी दारू धूरविरहित दारूपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला, ४०० अंशांच्या पुढे गेल्यावर पेटते, तर लाकूड २५० ते ३०० अंशांतच कोळसा व्हायला लागतं. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक तोटीवर, केप (ठिणगी देणारी टोपी) चढवलेली असेल तर ती आधीच उडते आणि दारू पेटते. पण केप न चढवता बंदूक ठासून ठेवली असेल, जशी कित्येक जण ठेवतात, तर दस्ता पूर्ण कोळसा झाला तरी आतला बार जिवंत असू शकतो. "एवढ्या आगीत राहिलीच नसेल दारू" हा अंदाज इथे चुकीचा ठरतो. अशा नळीत गज घालून पाहणं, निपल उघडायचा प्रयत्न करणं, नळी तापवणं, यातलं काहीही घरी करायचं नाही. परवानाधारक कारागीर आधी पाणी सोडून दारू मारतो आणि मगच बार काढतो.

बारा बोअरच्या बंदुकीत प्लॅस्टिकच्या काडतुसाचं कवच वितळून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाला, चिकटलेलं सापडतं. तेही स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं नाही. मागची टोपी अजून शाबूत असू शकते.

पोलीस ठाणं आणि परवाना

हे काम लोक शेवटी ढकलतात आणि मग अडचणीत येतात. बंदूक हलवण्याआधी आहे त्या जागी फोटो काढा, लांबून आणि जवळून, आजूबाजूच्या वस्तूंसकट. हे फोटो पुढे तपासणीतही लागणार आहेत. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. घराच्या आगीचा पंचनामा होतोच. त्यात बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि तिची अवस्था नोंदवून घ्या. परवान्याचं पुस्तक जळालं असेल तर तेही त्याच अर्जात लिहा. परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तालयात, एक प्रत पोचवा आणि पोच घ्या. परवान्याचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक ठाऊक असेल तर दुय्यम प्रत मिळायला सोपं जातं.

घराचा विमा असेल तर सर्वेक्षक येईपर्यंत बंदुकीवर काहीच काम करू नका.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधली दोन कलमं इथे लक्षात ठेवावीत. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी करायलाही परवाना लागतो. म्हणजे गावचा लोहार, ओळखीचा वेल्डर, एमआयडीसीतला भाचा, यांनी तिला हात लावणं गुन्हा आहे, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. कलम ८ बंदुकीवरच्या ओळखक्रमांकाबद्दल आहे. क्रमांक घासला गेलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानंच तो घासला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्याला सिद्ध करावं लागतं. जळलेल्या बंदुकीवर पॉलिश पेपर फिरवताना गंजाबरोबर क्रमांकही निघून जातो. मी स्वतः अशी बंदूक पाहिली आहे, जिचा मालक निव्वळ हौसेनं घासत बसला होता आणि पाच आकड्यांपैकी दोनच वाचता येत होते. आगीचा पंचनामा हाताशी होता म्हणून तो सुटला.

पहिले दोन दिवस: गंज

बंदूक रिकामी असल्याची कारागिरानं खात्री केली आणि पोलिसांची हरकत नसेल, तर गंज थांबवायला उशीर करू नये. आगीनंतर गंज नेहमीपेक्षा कितीतरी झपाट्यानं चढतो. वायरींचं आवरण, पाइप, पत्र्यासारखे प्लॅस्टिकचे तक्ते यांत पीव्हीसी असतं आणि ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. ती काजळीत मिसळून लोखंडावर बसते. कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरलं असेल तर त्या पावडरीतही ओल लागली की धातू खाणारे क्षार तयार होतात. त्यात कोकणातली दमट हवा.

जळलेला दस्ता उरला असेल तर सुटा करून घ्यावा. ओलं कोळशाचं लाकूड लोखंडाला चिकटून राहणं वाईट. काजळी मऊ कापडानं पुसावी, स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच पूर्ण कोरडी करावी आणि पातळ तेलाचा हात द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. आणि घासू नका. पॉलिश पेपर, वायर ब्रश, आम्ल, गंज काढायची औषधं, यातलं काहीच नको. पृष्ठभागावरचे रंग आणि खपल्या हाच आपला पुरावा आहे.

आग किती तापली होती, ते आजूबाजूच्या वस्तूंवरून ओळखा

तपासणीला बंदुकीपासून सुरुवात करायची नाही, ती जिथे सापडली त्या जागेपासून करायची. बंदूक काही सांगत नाही. तिच्या शेजारचं सामान सांगतं.

मेणबत्ती साठ अंशांतच वितळते, त्यामुळे तिला अर्थ नाही. बारा बोअरच्या काडतुसाचं प्लॅस्टिक साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतं. बंदुकीशेजारचा काडतुसांचा डबा काळा झाला पण आतली काडतुसं गोल, सरळ, वितळल्याशिवाय राहिली असतील तर ती फार चांगली खूण आहे. कागद २०० अंशांच्या पुढे गेल्यावर तपकिरी होऊन पेटायला लागतो. त्याच कपाटात ठेवलेली परवान्याची वही, सातबाऱ्याचे उतारे, नोटा, साड्या काजळीनं माखल्या असल्या तरी कागद पांढरा आणि लवचिक राहिला असेल तर कपाटाच्या आत फारसं तापलं नव्हतं असं म्हणता येतं.

नायलॉनची दोरी जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांना वितळते. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं ३२७ अंशांना. ॲल्युमिनियमचा टोप ६६० अंशांच्या आसपास बसतो. काचेची बाटली वाकून चपटी झाली असेल तर तिथे सहाशे-सातशे अंश होते. पितळी समई गळायला लागली असेल तर ९०० च्या पुढे, आणि तांब्याचा हंडा वितळला असेल तर १०८५ च्या आसपास किंवा पुढे. छप्पर पेटलेल्या घरात हे सगळं शक्य आहे.

एक गोष्ट विसरू नका: खोलीत वर आणि खाली जमीन-अस्मानाचा फरक असतो. आढ्याजवळ सहाशे अंश झाले तरी जमिनीवर दोनशेच असू शकतात. म्हणून माळ्यावरच्या बंदुकीबद्दल खालच्या पाटावरून अंदाज बांधू नका. बंदुकीपासून हातभर अंतरातल्या, तिच्याच उंचीवरच्या वस्तू मोजायच्या.

लोखंडी कपाटात होती म्हणून वाचली, असंही धरू नका. साध्या पत्र्याच्या कपाटाला अग्निरोधक अस्तर नसतं. बाहेर आग भडकली की कपाटाच्या आत दस्ता ज्वाळेशिवायच कोळसा होतो. दस्त्याचा कोळसा झाला असेल तर कपाट होतं की नव्हतं याला महत्त्व राहत नाही.

आता बंदुकीवरच्या खुणा

दस्ता पहिला. फक्त वार्निशवर काजळी असेल, फोड नसतील, तर चांगलं. वार्निशला फोड आले, लाकूड तपकिरी पडलं, तर तिथे आणखी खोलात जायचं. जिथे दस्ता ॲक्शनला, म्हणजे घोडा, चाप आणि लॉक बसवलेल्या मधल्या लोखंडी भागाला भिडतो, त्या खाचेतलं लाकूड कोळसा झालं असेल तर ॲक्शनचं लोखंड किमान २५० ते ३०० अंश तापलं होतं, आणि तपासणी बहुतेक वेळा इथेच संपते.

मग स्प्रिंग. माझ्या मते जळालेल्या बंदुकीतला सगळ्यात विश्वासाचा पुरावा हाच. स्प्रिंग बंदुकीच्या आत दाबलेल्या अवस्थेत असतात आणि कमी तापमानालाच ढिले पडतात. दोनशे-अडीचशे अंशांतच पुष्कळ फरक दिसतो. कॉइल स्प्रिंग बाहेर काढून त्याच मेकच्या नव्या स्प्रिंगशेजारी उभं धरायचं. आखूड दिसलं तर ॲक्शन तापली होती. जुन्या दुनळीतला इंग्रजी व्ही आकाराचा मोठा स्प्रिंग असेल तर त्याच्या दोन टोकांमधलं अंतर आणि त्याचा ताण कारागिराच्या हाताला कळतो.

इथे एक चूक फार होते. स्प्रिंग ढिला सापडला की नवा बसवतात, घोडा कडक पडायला लागतो, आणि बंदूक "चालू" होते. स्प्रिंगनं सांगितलं होतं की ॲक्शन तापली, तेच पुसून टाकलं जातं. ढिला स्प्रिंग हा बदलायचा भाग समजू नका. ज्या उष्णतेनं तो ढिला केला ती त्याच्या शेजारच्या प्रत्येक भागानं सोसलेली आहे.

लोकांचं लक्ष सगळं नळीवर असतं, फुटली तर नळी फुटेल म्हणून. आधुनिक नळीचं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद पाणी देताना साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून स्थिर केलेलं असतं, त्यामुळे त्याखालच्या आगीत नळीची ताकद सहसा टिकते. आधी बिघडतात ते लहान भाग. घोडा चढवल्यावर तो ज्या खाचेत अडतो तिची धार, तिला अडवणारी चापाची पट्टी, नळी बंद केल्यावर तिला धरून ठेवणारं लॉक, यांना वरवरचा कडकपणा दिलेला असतो आणि तो २०० अंशांपासूनच उतरायला लागतो. तो उतरला की खाच हळूहळू झिजते. पहिले दहा-वीस बार ठीक जातात. मग एके दिवशी बंदूक बांधावर ठेवताना, कुंपण ओलांडताना घोडा आपोआप सुटतो. नळी फुटण्यापेक्षा हा अपघात जास्त संभवतो, आणि त्यात बंदुकीसमोर कोण असेल ते सांगता येत नाही.

रंगही पाहायचे, पण जपून. पॉलिश केलेल्या उघड्या पोलादावर, म्हणजे चेंबरच्या आत, काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या कडेला, स्क्रूच्या खाचेत, २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २५० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा रंग चढतो आणि पुढे तो राखाडी होतो. काही कारखाने स्क्रू मुद्दाम निळे करतात आणि ॲक्शनवर रंगीत छटा ठेवतात, त्यामुळे पूर्वीचे फोटो असतील तर ताडून पाहा. नळीच्या बाहेर राखाडी-काळी खपली सुटत असेल, नखानं पापुद्रा निघत असेल, तर ती साडेपाचशेच्या पुढची गोष्ट. तिथे चर्चा थांबवा.

दुनळी बंदुकीसाठी एक सुरेख तपासणी आहे. दोन नळ्यांमधली पट्टी बऱ्याच बंदुकांत कथलाच्या झाळीनं बसवलेली असते आणि ती झाळ १८० ते २३५ अंशांच्या दरम्यान सुटते. नळ्या ॲक्शनपासून सुट्या करून, नळ्यांच्या खालच्या आकड्याला (हुकाला) दोरी बांधून मोकळ्या लोंबकळत ठेवायच्या आणि लाकडी मुठीनं हलकेच टिचकी द्यायची. चांगल्या नळ्या घंटेसारख्या स्वच्छ, लांब वाजतात. झाळ कुठेही सुटली असेल तर आवाज बद्द येतो, मध्येच खरखरतो. तो आवाज ऐकला की जास्त विचार करायला लागत नाही. पट्टीच्या कडेला कथलाचे बारीक थेंब जमलेले दिसले तर हीच गोष्ट डोळ्यांनी दिसली म्हणायची.

ॲल्युमिनियमची ॲक्शन, पॉलिमरचा सांगाडा किंवा जस्तमिश्र धातूचे भाग असलेल्या बंदुका असतील तर निकष आणखी कडक. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना ताकद येते तीच दीडशे-दोनशे अंशांखालच्या प्रक्रियेनं. त्यापुढे ते मऊ पडतात, आकार तसाच ठेवून. पॉलिमर जरा जरी लिबलिबीत होऊन पुन्हा घट्ट झालं असेल तर बाद.

नळीतून उजेडाकडे पाहून ती सरळ आहे का बघायला विसरू नका. तुळई पडून नळी वाकलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत, उष्णतेपेक्षा त्यानंच बाद झालेल्या.

पाणी पडलेल्या बंदुकीचं वेगळं

बंदूक लालबुंद असताना तिच्यावर अग्निशमन दलाचं पाणी पडलं तर उलट घडतं. पोलाद मऊ पडण्याऐवजी कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. कानस लावली तर सरकून जाते आणि पाहणाऱ्याला वाटतं, कडकपणा टिकलाय. असं पोलाद वाकत नाही, एकदम तुकडे होतं. म्हणून एकट्या कानशीवर विसंबायचं नाही, आणि गरम बंदुकीवर घागर ओतायची नाही.

उष्णतेनं बिघडलेलं पोलाद कसं फसवतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकी लष्कराच्या मॉडेल १९०३ या रायफलचं आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडमधल्या २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकांच्या रायफली आजही वापरू नयेत असं सांगतात. १९१७ मध्ये काही रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो भाग, फुटले. चौकशीत कळलं की भट्टीवरचे अनुभवी कामगार पोलाद किती तापलं ते रंगावरून, डोळ्यानं ठरवत होते. ढगाळ दिवशी आणि कडक उन्हात तोच रंग वेगळा दिसतो. उष्णतामापक लावल्यावर काही तुकडे हवे त्यापेक्षा शंभर-दीडशे अंशांनी जास्त तापलेले निघाले. १९१८ पासून पद्धत बदलली. त्या सगळ्या रायफली कारखान्यातून बाहेर पडताना जादा दाबाच्या काडतुसाची चाचणी पार करून आल्या होत्या. जाणत्या माणसांनी, चांगल्या उजेडात, रोजच्या कामात पाहूनही फसगत झाली ती अशी. आपण तर राखेतून काढलेली बंदूक पाहतोय.

परवानाधारक कारागिराकडे काय करून घ्यावं

वरच्या सगळ्या खुणा चांगल्या निघाल्या तरच हा टप्पा. खुणा वाईट असतील तर पैसे खर्च करू नका.

कारागिरानं बंदूक पूर्ण खोलून प्रत्येक भाग पाहावा. तडे शोधायला डाय पेनिट्रंट किंवा मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करता येते. साध्या डोळ्याला न दिसणारा तडा रंगाच्या रेषेसारखा उमटतो. लॉक, घोडा आणि चाप यांच्या कडकपणाची मोजणी रॉकवेल पट्टीवर करून निर्मात्याच्या आकड्यांशी ताडावी. जुन्या बंदुकांचे असे आकडे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. आकडे नसतील तर मोजणी करूनही निर्णय घेता येत नाही हे स्वीकारायला हवं. काडतूस बसल्यावर मागे किती मोकळी जागा राहते तीही गेजनं मोजावी.

चाचणी गोळीबाराबद्दल स्पष्ट सांगतो. बंदूक टायरला बांधून, दोरीनं चाप ओढून दोन बार काढायचे आणि फुटली नाही म्हणजे चांगली, ही पद्धत अजून चालते. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तिनं काहीच सिद्ध होत नाही. खरी दाबचाचणी नेहमीच्या काडतुसापेक्षा साधारण पंचवीस-तीस टक्के जास्त दाबाच्या काडतुसानं, चाचणीआधी आणि नंतर मोजमाप घेऊन होते. तीही नळी आणि लॉक तेवढा एक धक्का सोसतात इतकंच सांगते. मऊ पडलेली खाच पाचशेव्या वेळी सुटेल की नाही, ते ती सांगत नाही.

जुन्या घराण्यांतल्या इंग्रजी बंदुकांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मोहोर असते. ती मोहोर आगीपूर्वीच्या बंदुकीची आहे. ब्रिटनमध्ये दाब सोसणारा भाग कमकुवत झाला तर पुन्हा चाचणी केल्याशिवाय ती बंदूक विकता येत नाही.

पुन्हा पाणी देऊन घेता येईल का, असं विचारतात. ज्या पोलादाची नेमकी जात ठाऊक नाही त्याला अंदाजानं पाणी देणं म्हणजे वरच्या रायफलींची कथा पुन्हा घडवणं. ॲक्शन वाकते, नळीचा जोड बिघडतो. मी हे काम घेत नाही.

कोणत्या बंदुकीला किती संधी

इशापूर रायफल कारखान्याची .३१५ रायफल: बोल्ट आणि रिसीव्हरवर दाब फार मोठा असतो आणि नेमबाजाचा चेहरा त्यामागे असतो. स्प्रिंग ढिला सापडला तर बाद, यात तडजोड नको. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरचंही तेच. सिलिंडरच्या भिंती पातळ, खाचा बारीक.

बारा बोअरची एकनळी साधी असते आणि दाब तुलनेनं कमी, पण लॉक आणि घोड्याच्या खाचेचा प्रश्न तसाच राहतो. नुसती काजळी आणि पाणी लागलेली एकनळी साफसफाई आणि नव्या दस्त्यानं चांगली होते, आणि अशा बऱ्याच बंदुका मी परत दिल्या आहेत.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या दमास्कस नळ्या आग लागण्याआधीसुद्धा आधुनिक काडतुसासाठी नव्हत्याच. आगीनंतर तर विषयच संपला. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या मागची बूच आणि निपलचे आटे पाहायचे. तिथे जाळ शिरून आटे खराब झाले असतील तर बार मागे, डोळ्यावर येतो.

काडतुसं आणि दारू

आगीच्या खोलीतलं एकही काडतूस वापरू नका, डबा शाबूत दिसला तरी. उष्णतेनं दारू आणि टोपी दोन्ही बिघडतात. काही काडतुसं उशिरा उडतात, काही अर्धी पेटून छर्रे नळीत अडकवतात आणि पुढचा बार नळी फोडतो. ती विहिरीत टाकू नका, पुरू नका, चुलीत घालू नका. मोजून, यादी करून पोलीस ठाण्यात जमा करा आणि परवान्यावरची संख्या कमी करून घ्या. काळी दारू आणि केपांचंही तसंच.

बाद ठरली तर

बाद ठरलेली बंदूक भंगारवाल्याला देता येत नाही. भाग सुटे करून दुसऱ्या बंदुकीला लावणं तर त्याहून वाईट, कारण मऊ पडलेली खाच आता दुसऱ्याच्या घरी जाते. परवानाधारक कारागिराकडून बंदूक वापरण्यायोग्य नसल्याचा लेखी अभिप्राय घ्या, आणि त्यासोबत परवाना प्राधिकाऱ्याकडे ती जमा करण्याचा अर्ज करा. निर्णय होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवावी, निवडणुकीच्या वेळी ठेवतो तशीच.

आजोबांची बंदूक आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते, म्हणून ती सोडवत नाही, हे मला समजतं, आणि त्याबद्दल कुणाला घाई करावी असं वाटत नाही. अशा वेळी ती वापरातून काढून घरी ठेवता येईल का, कोणत्या अटींवर, हे परवाना प्राधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. कायमची निकामी करायची परवानगी मिळाली तरी ते काम परवानाधारकाकडूनच व्हावं आणि क्रमांकाला धक्का लागू नये. तोंडी सांगण्यावरून नळीत वेल्डिंग करून भिंतीवर टांगू नका.

नवी बंदूक घ्यायची असेल तर जुनीची नोंद परवान्यावरून आधी कमी करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि जळालेली, पण नोंद न काढलेली बंदूक त्यात मोजली जाते. पंचनाम्याची प्रत, कारागिराचा अभिप्राय आणि जमा केल्याची पावती हे तीन कागद अर्जाला जोडले की कार्यालयात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायची वेळ सहसा येत नाही.